हिवाळा आणि तेलाची वाटी



समुद्रकाठच्या गावात वाढलेल्या माणसाला कोरडा हिवाळा म्हणजे काय हे पुस्तकातून कळत नाही; ते त्याला स्वतःच्या ओठांवरून कळते. आम्ही सेवेनिमित्त वडोदऱ्यास राहावयास आलो, त्या पहिल्याच डिसेंबरात हा अनुभव आला. हातांच्या पाठीवर पांढरी साल धरली, पायांच्या नळ्यांवर नख ओढले तर पाटीवरच्या रेघेसारखी रेघ उमटू लागली, आणि एके सकाळी वेदीपाशी वाचन करता करता ओठ फुटून रक्ताचा थेंब आला. काही तरी रोग जडला असे समजून आम्ही चिंतेत पडलो. शेजारच्या वृद्ध गुजराती भगिनीने मात्र एकदा आमच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हटले, "फादर, हा रोग नाही, हा उत्तरेचा वारा आहे. तेल लावा."

आज त्या दोन शब्दांच्या उपदेशाचाच आम्ही थोडा विस्तार करणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. कातडी आणि केस यांची निगा म्हणजे नटण्यामुरडण्याची बाब, तिचे कौटुंबिक साप्ताहिकात काय काम, असेही कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्यांनी प्रथम पुढील हकीकत वाचावी.

एका आजीची हकीकत

वडोदऱ्यात मराठी माणूस नवा नाही. १७३४ साली हे शहर गायकवाडांच्या हाती आले, तेव्हापासून येथे मराठी घरे आहेत. पुढे रेल्वे आली, कारखाने आले, १९६५ साली कोयली येथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला, आणि नोकरीनिमित्त आणखी कुटुंबे येत राहिली. अशाच एका कुटुंबातील मुलाने, वडील वारल्यावर, आपल्या आईस गावाहून येथे आणले. नाताळानंतर आम्ही घरोघरी भेटीस जात असता त्या घरी गेलो. आजी पायांत जाड मोजे घालून कोपऱ्यात बसल्या होत्या. उठताना त्यांनी भिंत धरली. आम्ही विचारले, "आजी, पायांना काय झाले?" त्या हसून म्हणाल्या, "फादर, म्हातारीच्या पायांकडे काय बघायचं! थंडीच्या भेगा आहेत, उन्हाळ्यात भरतील."

सुनेने आग्रहाने मोजे उतरविले, आणि आम्ही सारेच गप्प झालो. एका टाचेस खोल भेग पडून तिच्या भोवती जखम झाली होती व तिला पू धरला होता. आजींनी गावाकडचा जुना उपाय केला होता: मेणबत्ती पेटवून तिचे वितळलेले मेण भेगेत सोडले होते. परंतु आजींना कित्येक वर्षांचा मधुमेह. त्या रोगाने पायांची जाणीव हळूहळू मंदावते. मेण किती तापले आहे हे त्यांच्या टाचेला कळलेच नाही. कातडी भाजली, आणि भाजल्याचेही कळले नाही. त्याच दिवशी त्यांस रुग्णालयात नेले. तीन आठवडे त्या तेथे होत्या. पाय वाचला, परंतु आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर वाचला नसता, असे डॉक्टरांनी सांगितले.

सुनेच्या डोळ्यांस पाणी आले होते. ती म्हणाली, "फादर, रोज त्यांच्या हातचं खाते. पण त्यांचे पाय मी कधी पाहिले नव्हते."

वाचकहो, कातडीची निगा ही चैन नव्हे, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

कातडी कोरडी का पडते?

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ असतो. शास्त्रज्ञ त्यास विटांच्या भिंतीची उपमा देतात. चपट्या, सुकलेल्या पेशी या विटा. आणि त्यांच्या मधोमध शरीराने स्वतः तयार केलेला स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना शाबूत असेल तोवर आतले पाणी आत राहते आणि बाहेरची घाण व जंतू बाहेर राहतात. चुना निखळला की विटा सुट्या होतात: तीच पांढरी साल, तीच आग, तीच खाज. भिंतीस तडा गेला की त्यास आपण भेग म्हणतो.

वडोदऱ्याचा हिवाळा हा चुना कसा निखळवितो ते पाहा. जानेवारीत येथे पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. थंड हवेत पाण्याची वाफ थोडीच मावते. तीच हवा दुपारी तापते, पण तिच्यातील वाफ काही वाढत नाही. म्हणून तिची तहान वाढते. उत्तरेकडून येणारा वारा कोरड्या मुलखावरून आलेला असतो, आणि खारा, दमट वारा देणारा समुद्र जवळ नाही. मग ही तहानलेली हवा जेथे पाणी मिळेल तेथून ते ओढते: ओल्या कपड्यांतून, मातीतून, आणि आपल्या कातडीतून. ज्यांचे वय झाले आहे त्यांच्या कातडीतील तेलाचे झरे आधीच आटलेले असतात. म्हणून पहिला तडाखा आजीआजोबांस बसतो, दुसरा तान्ह्या बाळांस, आणि तिसरा भांडी घासणाऱ्या, कपडे धुणाऱ्या व सिमेंटचे काम करणाऱ्या हातांस.

किनाऱ्यावरच्या गावांत हा तडाखा सौम्य असतो, परंतु अजिबात नसतो असे नाही. नाताळ ते मार्च या काळात आपल्या शेतांवर व बागांत अनवाणी वावरणाऱ्यांच्या टाचा पाहिल्या म्हणजे खात्री पटेल.

स्नानाचा नियम

थंडीत कढत पाण्याने, भरपूर साबण लावून, बराच वेळ अंघोळ करण्याचा मोह होतो. वर सांगितलेला चुना धुऊन काढण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. कातडी स्वभावतः किंचित आम्ल असते. अंगाचा नेहमीचा साबण क्षारयुक्त असतो. कढत पाणी तेल पातळ करते आणि साबण ते वाहून नेतो. त्यातून घरात बोअरचे जड पाणी असेल तर साबणाचा फेस न होता त्याची साय अंगावर बसते व खाज वाढते. अशा घरी साबण कमीच वापरावा आणि अंग नीट धुवावे.

म्हणून पाणी कोमट असावे. स्नान पाच-दहा मिनिटांत आटपावे. साबण काखा, जांघा व पाय यांस लावावा. हातापायांच्या नळ्या व पाठ यांस तो रोज लावण्याचे कारण नाही. पंचाने अंग खरखरून न पुसता टिपून घ्यावे, आणि अंगात थोडा ओलसरपणा असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल लावावे. हे सर्वांत महत्त्वाचे. तेल कातडीला पाणी देत नाही. जे पाणी आहे त्यावर ते झाकण ठेवते. दुपारी सुकलेल्या अंगावर वाटीभर तेल चोपडण्यापेक्षा स्नानानंतर ओलसर अंगावर लावलेले चमचाभर तेल अधिक उपयोगी पडते. आपले हिंदू शेजारी दिवाळीच्या पहाटे तेल लावून मग उटण्याने स्नान करतात. स्नानापूर्वीचे ते तेल पाण्यापासून व चोळण्यापासून रक्षण करते. तीही रीत चांगली आहे.

पाणी पुष्कळ प्यावे, आवळा, संत्री, गाजरे, पालेभाज्या खाव्यात, हे सर्व उत्तम. परंतु नुसते पाणी पिऊन टाचेची भेग भरत नाही. तिला बाहेरूनच झाकण द्यावे लागते.

तेल कोणते?

वडोदऱ्याच्या खंडेराव बाजारात गेलो असता आम्ही पाहिले आहे की भगिनींस हा प्रश्न फार छळतो. उत्तर सोपे आहे: जे घरात आहे, शुद्ध आहे आणि रोज लावणे परवडते ते.

खोबरेल सर्वांत सोयीचे. सुमारे २४ अंशांखाली ते गोठते. बाटलीत पांढरे झालेले पाहून कोणी भेसळीची शंका घेऊ नये. बाटली उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवावी. तिळाचे तेलही चांगले. एरंडेल घट्ट व चिकट असते, म्हणून ते टाचा, कोपर व गुडघे यांसाठी राखावे. देशातील बहुतांश एरंडी गुजरातेत पिकते, तेव्हा येथे ते सहज मिळते. मात्र एरंडीच्या बिया विषारी असतात. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले भिरंडेल भेगांवर लावतात. ते थंडीत घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने मऊ होते, म्हणून भेगेत टिकून बसते. आपल्या आज्यांनी हे द्रव्य उगीच निवडलेले नाही. मोहरीचे तेल मात्र कित्येकांच्या कातडीस झोंबते. तान्ह्या बाळास ते लावू नये.

व्हॅसलीन सर्वांच्या परिचयाचे आहे. १८५९ साली रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनज्ञ अमेरिकेतील टायटसव्हिल येथे खनिज तेलाच्या विहिरी पाहावयास गेला. पंपाच्या दांड्यांवर जमणारा मेणासारखा चिकट गाळ तेथील कामगार आपल्या कापल्या-भाजल्यावर लावतात, हे त्याने पाहिले. तो गाळ शुद्ध करण्याची रीत त्याने शोधली आणि १८७२ साली तिचे पेटंट घेतले. पाणी आत कोंडून ठेवण्यात या पदार्थाची बरोबरी करणारे थोडेच आहे. फुटलेल्या ओठांस रात्री निजताना तेच लावावे. आणि ओठ जिभेने चाटण्याची सवय सोडावी, कारण थुंकी वाळताना ओठांचा ओलावाही घेऊन जाते. ग्लिसरीन पाणी ओढून धरते; परंतु कोरड्या हवेत ते निव्वळ लावल्यास कातडीतीलच पाणी ओढते. म्हणून त्यात पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून ओलसर अंगावर लावावे.

मुलतानी माती हिवाळ्यात कोरडी कातडी अधिकच कोरडी करते. लिंबाचा रस तोंडास चोळल्याने कातडी गोरी होत नाही. ती फक्त चुरचुरते. आणि महागड्या डबीवरील चित्राचे पैसे आपण देतो, हे ध्यानात असू द्यावे.

उत्तरायणाच्या दिवसाविषयी एक सूचना. १४ जानेवारीस वडोदऱ्यातील लहानथोर सारे गच्चीवर असतात. दिवसभर ऊन, दिवसभर वारा, आणि मांज्याने कापलेली बोटे! सकाळीच तोंडास, ओठांस व हातांस तेल किंवा व्हॅसलीन लावावे, डोक्यावर टोपी असावी, बोटांस चिकटपट्टी गुंडाळावी. मुलांस हे सांगून ऐकतील याची आशा थोडी. म्हणून आईने लावूनच वर पाठवावे.

टाचांची शुश्रूषा

रात्री निजण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पाय कोमट पाण्यात ठेवावेत. पाणी किती तापले आहे हे पायाने न पाहता कोपराने पाहावे. मऊ झालेली जाड कातडी वज्रीने हलके घासावी. ब्लेडने किंवा चाकूने कधीही तासू नये. पाय टिपून, विशेषतः बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, टाचांस एरंडेल, भिरंडेल वा व्हॅसलीन लावावे आणि सुती मोजे घालावेत. बेचक्यांत तेल घालू नये. तेथे ओल राहून चिखल्या होतात. पंधरा दिवस नेमाने असे केल्यास बहुतेक भेगा मिटू लागतात. टाच फारच जाड झाली असेल तर औषधाच्या दुकानात युरियायुक्त मलम मिळते, ते उपयोगी पडते.

वृद्ध माणसांच्या बाबतीत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तळपायास तेल लावून ओल्या फरशीवर चालणे म्हणजे माकडहाड मोडून घेणे होय. तेल अंथरुणावर बसवूनच लावावे आणि रात्री उठताना पायांत वहाणा असाव्यात.

ज्यांस मधुमेह आहे त्यांनी वज्री, गरम पाणी, मेण, चुना, तंबाखू, राख यांपैकी काहीही भेगेस लावू नये. त्यांनी रोज तेल लावावे, अनवाणी चालू नये, आणि रोज कोणाकडून तरी आपले तळवे पाहून घ्यावेत. रक्त, पू, सूज वा काळेपणा दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

केस

केसांचेही असेच आहे. कढत पाणी डोक्यावर ओतू नये. आठवड्यातून दोनदा केस धुतले तरी पुरे. शिकेकाई असो वा शाम्पू, तो टाळूला चोळावा, केसांच्या टोकांना नव्हे. धुण्यापूर्वी तासभर किंवा आदल्या रात्री खोबरेल लावावे. २००३ साली मुंबईच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची केसांवर तुलना केली, तेव्हा केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेच लक्षात येण्याजोगी कमी केली. ते खोबरेल विकणाऱ्याच कंपनीत काम करीत होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलाचे कण लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात, इतर तेले बहुधा वरच राहतात.

ओले केस विंचरू नयेत व घट्ट बांधू नयेत; शाळेस निघण्याच्या घाईत मुलींच्या ओल्या वेण्या घालणाऱ्या मातांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. वाऱ्यात बाहेर पडताना डोक्यास रुमाल असावा.

कोंड्याविषयी मात्र पुष्कळांची समजूत चुकीची आहे. कोंडा म्हणजे केवळ कोरडेपणा नव्हे. टाळूवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी तेथील तेलावर वाढते, आणि त्यामुळे साल सुटते. म्हणून कोंड्यावर अधिकाधिक तेल थापल्याने तो जात नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने केटोकोनॅझोल असलेला शाम्पू घ्यावा, आणि तो लावून पाच मिनिटे तसाच ठेवून मग डोके धुवावे.

जे कोरडेपण नव्हे

थंडीच्या दिवसांत प्रत्येक खाजेस थंडीची खाज म्हणून सोडून देण्याची आपली रीत आहे. ती सोडली पाहिजे.

खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती बारीक पुळ्या असतील, आणि घरात एकाहून अधिक माणसे खाजवीत असतील, तर ती खरूज होय. एका गोधडीत चौघे निजणाऱ्या घरांत व वसतिगृहांत ती हिवाळ्यात झपाट्याने पसरते. तिला तेलाने गुण येत नाही. डॉक्टरांनी दिलेले मलम घरातील सर्वांनी एकाच रात्री लावावे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्याने धुवावे. एकट्याने लावून उपयोग नाही.

गोल, कडेने लाल असलेला चट्टा बहुधा नायटा असतो. त्यावर दुकानदाराने दिलेले कोणतेही मलम लावणे धोक्याचे आहे. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, आपण दुकानदारास दुवा देतो, आणि आतल्या आत नायटा पसरत राहतो. तीच मलमे गोरे होण्यासाठी तोंडास लावणाऱ्या तरुण मुलींची कातडी पातळ होते, लाल पडते, आणि मलम सोडताच आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. नियम झाला तरी विक्री थांबतेच असे नाही. आपणच मागणी थांबविली पाहिजे.

आणि ज्या फिकट चट्ट्यावर घाम येत नाही, केस गळतात व स्पर्श कळत नाही, तो चट्टा कोरडेपणाचा मानून बसू नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची तपासणी व औषध विनामूल्य मिळते, आणि वेळेवर घेतलेल्या औषधाने तो पूर्ण बरा होतो. लाजेपोटी लपविल्याने मात्र हातापायांची हानी होते.

शेवटची विनंती

दरवर्षी पवित्र गुरुवारी आम्ही बारा जणांचे पाय धुतो. ज्यांस बोलावले असते ते घरून पाय घासून-पुसून येतात, नवे मोजे घालून येतात. तरीही मार्च-एप्रिलात, हिवाळा संपून गेल्यावरही, कित्येकांच्या टाचांवर त्याच्या खुणा दिसतात. शेतकऱ्याचे पाय कोणते, गवंड्याचे कोणते, आणि ज्याच्या घरी त्याची विचारपूस करणारे कोणी उरलेले नाही त्याचे कोणते, हे पाय हातात घेतल्यावर न सांगता समजते.

ती आजी आता बरी आहे. मागील हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा रात्रीची जेवणे झाली होती. आजी खाटेवर बसल्या होत्या आणि त्यांची दहा वर्षांची नात खोबरेलाची वाटी घेऊन पायथ्याशी बसली होती. ती प्रथम दोन्ही तळवे दिव्याजवळ नेऊन नीट पाहत होती आणि मग तेल लावीत होती. आजी आम्हांस म्हणाल्या, "फादर, ही रोज बघते. मला गुदगुल्या होतात तेवढ्या जागी अजून जाणीव आहे, असं डॉक्टर म्हणाले."

वाचकहो, आपल्या घरी तेलाची वाटी आहे. आज रात्री ती घेऊन घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या पायाशी बसा. ते "कशाला, कशाला" म्हणतील. तरीही मोजे उतरवून पाहा.